आठ लाख पोटं आणि एक तक्ता

समजा, तुम्हाला आठ लाख जणांना जेवायला घालायचं आहे. ताटं नाहीत, रांग नाही, खुर्च्या नाहीत. जेवणारे तिळाएवढे, पाण्यात उलटसुलट पोहणारे. प्रत्येकाला दोन मोठे काळे डोळे, डोक्यावर एक काटा आणि सतत वळवळणारी शेपटी. भूक लागली म्हणून ते रडत नाहीत, पोट भरलं म्हणून ढेकर देत नाहीत. वाढायचं तेही जिवंतच, आणि जेवणाऱ्यांइतकंच चपळ. पाठलाग करून पकडलं तर जेवण, नाही पकडलं तर उपास. जास्त वाढलंत तर पाणी सडतं. कमी वाढलंत तर दुसऱ्या दिवशी टाकीच्या तळाशी पांढुरका थर बसतो, त्या थराला डोळेही असतात आणि ते तुमच्याकडेच बघत असल्यासारखं वाटतं. तुमच्या हातात काय, तर एक प्लास्टिकचा मग, एक काचेचा पेला आणि एक टॉर्च.

काकू हे काम अकरा वर्षं करत होत्या. खेकड्यांच्या हॅचरीत नवजात पिल्लांना खाऊ घालण्याचं. त्याआधी वीस वर्षं त्या एका वसतिगृहाच्या मेसमध्ये वाढपी होत्या. मेस बंद पडली तेव्हा त्या हॅचरीत कामाला विचारायला गेल्या. हॅचरीचे साहेब म्हणाले, "खेकड्यांचा काही अनुभव?"

"चारशे पोरांचा आहे," काकू म्हणाल्या. "तीही एकमेकांच्या ताटातलं ओढायची."

साहेबांना विनोद कळायला नेहमीच दोन दिवस लागत. तिसऱ्या दिवशी काकूंना कामावर घेतल्याचा निरोप आला.

रोज पहाटे साडेपाचला काकू शेडच्या दाराशी हजर. चपला बाहेर, रबरी बूट पायात, बूट औषधी पाण्याच्या ट्रेमध्ये बुडवायचे, हात कोपरापर्यंत धुवायचे. "ऑपरेशनच्या डॉक्टरपेक्षा मी जास्त वेळा हात धुते," त्या म्हणत, "फक्त निघताना पेशंटचे नातेवाईक पाया पडत नाहीत." आत पत्र्याच्या छपराखाली चार गोल फायबरच्या टाक्या. प्रत्येकीत दोन लाख पिल्लं. हवेच्या नळ्यांची सतत बुडबुड, बिजागऱ्यांवर मिठाचा थर, आणि एका कोपऱ्यात उलट्या बाटल्यांसारखी उभी केलेली भांडी. त्या भांड्यांत खाऊ तयार व्हायचा. आर्टेमिया नावाचे इवलेसे जीव. त्यांची अंडी तपकिरी भुकटीसारखी डब्यात येतात. खाऱ्या पाण्यात टाकून खालून हवा सोडली की चोवीस तासांत पाण्यात नारिंगी धूर उठल्यासारखा दिसतो. तो धूर म्हणजेच खाऊ. हवा बंद केली की टरफलं वर येतात, जिवंत ते खाली बसतात. खालचा नळ सोडायचा, जाळीत धरायचे, धुवायचे आणि त्याच दिवशी टाकीत.

किती घालायचे, ते काकू पोटं बघून ठरवत. पेल्यात टाकीतलं पाणी घ्यायचं, बाजूला टॉर्च धरायची. पिल्लांना उजेडाचं वेड, सगळी टॉर्चकडे धाव घेतात. त्यांची अंगं काचेसारखी, आरपार दिसणारी. जेवलेल्याच्या पोटात डोक्यापासून शेपटीपर्यंत एक नारिंगी रेघ दिसते. उपाशी असेल तर काहीच दिसत नाही, नुसती काच. दहातल्या आठांना रेघ असली की काकू हातातला मग खाली ठेवत. पाचांनाच असली की अजून अर्धा मग. या पद्धतीला शास्त्रीय नाव नव्हतं, त्यामुळे ती अकरा वर्षं बिनबोभाट चालली.

मग तक्तेवाले आले.

त्यांचं खरं पद बरंच लांबलचक होतं आणि त्यात 'सल्लागार' हा शब्द दोनदा येत होता. काकूंनी पहिल्याच दिवशी ते कापून 'तक्तेवाले' एवढं ठेवलं, कारण ते आले तेव्हा काखेत लॅमिनेट केलेला एक मोठा तक्ता होता. पडद्यावर दाखवायच्या चित्रांत त्यांनी खेकड्यांची पिल्लं पुष्कळ पाहिली होती. ओल्या फरशीवर मात्र ते असे चालत, जणू फरशीने त्यांच्याशी आधी बोलून वेळ ठरवायला हवी होती.

"इथे खाद्य अंदाजाने दिलं जातं," त्यांनी साहेबांना सांगितलं. 'अंदाजाने' हा शब्द त्यांनी नाक मुरडून उच्चारला. "यापुढे मोजून. पाण्यात मिलीलिटरमागे तीन आर्टेमिया असायला हवेत. रोज सकाळी शिल्लक मोजायची. तिनाला जेवढे कमी, तेवढेच नवीन घालायचे. ना एक जास्त, ना एक कमी."

साहेब खूश झाले. हिरवा रकाना म्हणजे ठीक, लाल म्हणजे गडबड, एवढं त्यांना समजत होतं, आणि तक्ता त्यांच्या खुर्चीतून दिसेल असा लावता येत होता. खाऊ वाया जाऊ नये म्हणून तक्तेवाल्यांनी दुपारी पाणी बदलताना लावायची जाळीही बदलली. नवी जाळी इतकी बारीक की पाणी बाहेर जाई, पिल्लं आणि आर्टेमिया दोन्ही आत राहत.

"काकू, तुमचं कामच हलकं केलं," तक्तेवाले म्हणाले.

"खरंच हो," काकू म्हणाल्या. "आता डोळे घरी ठेवून आले तरी चालेल."

जाता जाता तक्तेवाल्यांनी आणखी एक बातमी दिली. या खेपेला तक्ता यशस्वी ठरला तर हॅचरीच्या बाकीच्या शेडमध्येही तो लागणार, आणि त्यांच्या सल्ल्यावर चालणाऱ्या इतर हॅचऱ्यांतही. काकूंनी मान डोलावली. मनात फक्त एक हिशोब केला, किती पोटं होतात त्याचा, आणि तो अर्ध्यावरच सोडून दिला.

पहिले चार दिवस सगळं ठीक. पिल्लांना सुरुवातीला याहून बारीक खाऊ लागतो, तो काकू देत होत्या. पाचव्या दिवशी आर्टेमिया सुरू झाले, पहिल्यांदाच म्हणून भरपूर. सहाव्या दिवशी सकाळी लॅबवाल्या पोरीने मोजणी केली. ही पोरगी म्हणजे पंचविशीची, शिकलेली, मायक्रोस्कोपला डोळा लावून दिवसभर आकडे पुटपुटणारी आणि साहेबांची पावलं वाजली की पुटपुटणंही थांबवणारी.

"दोन पूर्णांक आठ," ती म्हणाली. "म्हणजे काकू, आज फक्त शून्य पूर्णांक दोन घालायचे. टाकीला एक पेला."

"दोन लाखांना एक पेला?"

"बाकीचे पाण्यात आहेतच ना."

सातव्या दिवशी दोन पूर्णांक नऊ. आठव्या दिवशी पुन्हा दोन पूर्णांक आठ. तक्त्यावर हिरव्या ठिपक्यांची रांग लागली. साहेब येता-जाता तिच्याकडे असे बघत, जसं लोक मुलाच्या प्रगतिपुस्तकाकडे बघतात.

आठव्या दिवशी काकूंनी सवयीने पेला भरला आणि टॉर्च लावली. पिल्लं उजेडाकडे आली, पण सावकाश, पाहुण्यांच्या घरी जेवायला कधी वाढणार हे विचारायला लाजणाऱ्या माणसांसारखी. काकूंनी दहा मोजली. दोघांना रेघ होती, तीही तुटक. आठ जणांची नुसती काच. त्याच पेल्यात नारिंगी आर्टेमिया मजेत गिरक्या घेत होते.

काकू पेला घेऊन तडक साहेबांच्या खोलीत गेल्या. तक्तेवाले तिथेच बसले होते.

"साहेब, पोटं रिकामी आहेत."

साहेबांनी तक्त्याकडे पाहिलं. "हिरवं आहे की."

"तक्ता हिरवा आहे. पोटं रिकामी आहेत."

तक्तेवाले हसले, लहान मुलाच्या प्रश्नाला हसावं तसे. "काकू, मिलीलिटरमागे जवळजवळ तीन आर्टेमिया शिल्लक आहेत. अन्न शिल्लक आहे याचा अर्थ काय? पोट भरलंय, म्हणून उरलंय."

काकूंना एकदम मेस आठवली. तिथला व्यवस्थापकही असाच होता. सकाळी टोपलीत पाव उरले की तो वहीत लिहायचा, मुलं तृप्त. पाव परवाचे असत, भिंतीवर मारले तर भिंतीचा पोपडा उडेल असे. मुलं टोपलीकडे बघत आणि पाणी पिऊन वर्गात जात. पाव शिल्लक, मुलं तृप्त. पण हे तक्तेवाल्यांना कसं सांगणार? त्यांच्या चित्रांत पाव नव्हते.

"उरलंय ते खाता येत नसेल म्हणूनही उरत असेल," त्या एवढंच म्हणाल्या.

"पुरावा?" तक्तेवाल्यांनी विचारलं.

काकूंनी पेला पुढे केला. तक्तेवाल्यांनी त्यात न बघता तो टेबलावर ठेवला, आणि साहेबांनी लगेच त्याखाली कागद सरकवला, टेबल ओलं होऊ नये म्हणून.

बाहेर आल्यावर काकूंनी लॅबवाल्या पोरीला गाठलं. "तू रोज मोजतेस, त्यात हे नवे किती आणि जुने किती?"

पोरीने साहेबांच्या दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "जवळजवळ सगळे जुनेच आहेत. पाचव्या दिवसाचे. टाकीतलं शेवाळ खाऊन मोठे झालेत. दुपटीने. पोहायलाही जोरात लागलेत."

"म्हणजे पिल्लांच्या तोंडात मावत नाहीत."

"मावत नाहीत आणि हाताला लागतही नाहीत."

"मग हे तू वर का सांगितलं नाहीस?"

"तक्त्यात आकाराचा रकानाच नाही, काकू," पोरगी म्हणाली. ती हे चेष्टेने म्हणाली नव्हती. तिला खरोखरच वाटत होतं की ज्याला रकाना नाही ते सांगायचं कुठे.

तर अशी परिस्थिती. आठ लाख पिल्लं अन्नाने भरलेल्या टाकीत उपाशी, आणि कागदावर सगळी तृप्त. त्या दिवशी दुपारी काकूंनी जे केलं ते तसं फार मोठं नव्हतं. दुपारचं पाणी बदलणं त्यांच्याकडेच होतं. त्यांनी फळीमागे टाकलेली जुनी जाळी काढली. जुन्या जाळीची छिद्रं अशी की पिल्लं आत अडकून राहत, पण त्यांच्याहून लहान असलेले आर्टेमिया पाण्याबरोबर बाहेर जात. तेच हवं होतं. तक्तेवाले जेवल्यावर साहेबांच्या खोलीतल्या सोफ्यावर 'दोन मिनिटं डोळे मिटत', ती दोन मिनिटं सव्वा तासाची असत. तेवढ्यात काकूंनी टाकीतले ते माजलेले आर्टेमिया गटारात सोडले आणि भांड्यातले त्याच दिवशीचे ताजे, मगच्या मग भरून, ओतले.

पण फक्त एका टाकीत. तक्त्यामुळे खाऊच कमी तयार होत होता, ताजा जो उरे तो एका टाकीपुरता होता. शिवाय तीन नंबरची टाकी खांबामागे होती, साहेबांच्या खिडकीतून न दिसणारी. एक, दोन आणि चार नंबर उघड्यावर. काकू मग हातात धरून क्षणभर उभ्या राहिल्या. मेसमध्ये वीस वर्षांत वाढताना त्यांनी कधी एकाच टेबलाला वाढून बाकीच्यांना पाठ दाखवली नव्हती. इथे ते करावं लागलं. एक नंबरच्या टाकीजवळून जाताना त्यांनी मान वळवली नाही.

आणि संध्याकाळी फॉर्मवर लिहिलं: टाकी तीन, दिलेलं खाद्य, एक पेला.

हे अकरा दिवस चाललं. रविवार धरून.

त्यातच, पिल्लांच्या बाराव्या दिवशी, एक नंबरची टाकी शांत झाली. शांत म्हणजे पेल्यात टॉर्च लावली तर उजेडाकडे येणारं कोणी उरलं नाही. चौदाव्या दिवशी चार नंबर. दोन नंबरमध्ये थोडी होती, ती एकमेकांना खाऊन आणखी दोन दिवस टिकली. तक्ता तिन्ही टाक्यांसाठी शेवटपर्यंत हिरवा राहिला, कारण खाणारं कोणी नसल्यामुळे शिल्लक उत्तम होती. शेवटच्या दिवशी तर बरोबर तीन भरले. इतका हिरवा आकडा त्या तक्त्याने आधी पाहिला नव्हता.

तीन नंबरमध्ये अठराव्या दिवशी पिल्लांनी कात टाकली आणि त्यांना चिमटे फुटले. खेकड्याच्या आयुष्यातला हा मोठा टप्पा. आतापर्यंतचा वळवळणारा जीव पहिल्यांदा खेकड्यासारखा दिसायला लागतो आणि पहिल्यांदा शेजाऱ्याला चिमटा काढतो. लॅबवाल्या पोरीने मोजली, नऊ हजार चारशे. दोन लाखांतली. बाहेरच्याला ऐकून हे फार कमी वाटेल, पण या धंद्यात याला चांगला निकाल म्हणतात, आणि साहेबांनी तो अत्युत्तम म्हणून फोनवर तिघांना सांगितला.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. तक्तेवाल्यांनी पडद्यावर चित्रं लावली.

"तीन नंबरच्या टाकीत तक्त्याचं तंतोतंत पालन झालं," ते म्हणाले. "रोज एक पेला. नोंदी बघा. बाकीच्या टाक्यांमध्ये कुठेतरी मानवी हस्तक्षेप झाला असावा."

ज्या तीन टाक्यांत मानवाने काडीचाही हस्तक्षेप केला नव्हता, त्या तिन्ही मेल्या होत्या. हे खोलीत दोनच माणसांना माहीत होतं. एक काकू, आणि दुसरी लॅबवाली, जिला रोज सकाळी तीन नंबरच्या पाण्यात ताजेच आर्टेमिया दिसले होते आणि जी त्या क्षणी स्वतःच्या बुटांचा बारकाईने अभ्यास करत होती.

"काकूंचं विशेष कौतुक," साहेब म्हणाले. "जुनी माणसं नवीन पद्धत स्वीकारत नाहीत, पण यांनी अक्षरशः पाळली." मग त्यांनी काकूंना एक प्रमाणपत्र दिलं. तेही लॅमिनेट केलेलं होतं. पुढच्या सोमवारी नवी अंडी फुटणार होती, शेजारची शेड धरून आठ टाक्या भरायच्या होत्या आणि सगळ्या तक्त्याप्रमाणे.

काकू प्रमाणपत्र पिशवीत घालून घरी गेल्या. त्यांचा नवरा शिलाई मशिनं दुरुस्त करतो. घराची पुढची खोली म्हणजे त्याचं दुकान, त्यामुळे घरात कुठेही बसलं तरी कपड्यांना तेलाचा डाग लागतो आणि टेबलावर जेवणाशेजारी बॉबिन असते. तो एका मशिनच्या पोटात डोकं घालून बसला होता.

"आज आठ लाखांना जेवू घातलंस का? आता एकाला वाढ," तो रोजच्यासारखं म्हणाला.

काकूंनी प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं. त्याने हात पुसून वाचलं. "'आदर्श आज्ञापालन'. तुला? त्यांना पत्ता चुकला असेल."

काकूंनी त्याला सगळं सांगितलं. जाळी, पेला, फॉर्म.

"मग गप्प बस," तो म्हणाला. "पुढच्या वेळीही तसंच कर. तक्ता त्यांचा, पण हातातला मग तुझा."

"पुढच्या वेळी आठ टाक्या आहेत. खांबामागे एकच आहे. आणि पुढे इतर हॅचऱ्यांत लावणार, तिथे खांबामागे कोण उभं राहणार आहे?"

"मग सांग."

"सांगितलं तर फॉर्मवर खोटं लिहिलं म्हणून काढतील. वाढणं गेलं तर मी काय करू अहो? एकतीस वर्षं तेवढंच केलंय."

नवऱ्याने पुन्हा मशिनमध्ये डोकं घातलं. आतून त्याचा आवाज आला, "गिऱ्हाईक मशिन घेऊन येतं आणि म्हणतं, मी काहीच केलं नाही, आपोआप बिघडलं. तसल्या मशिनला मला दुप्पट वेळ लागतो. ज्याने सांगितलं की मी सुई उलटी लावली, त्याचं पाच मिनिटांत होतं."

"म्हणजे सांगू?"

"मी मशिनचं सांगतोय," तो म्हणाला. "भाजी गरम कर."

शनिवारी सकाळी काकू साहेबांच्या खोलीत गेल्या. एका हातात प्रमाणपत्र, दुसऱ्या हातात ओली जुनी जाळी.

"तीन नंबरमध्ये मी तक्ता पाळला नाही," त्या म्हणाल्या. "बाकीच्या तिन्हीत पाळला."

साहेबांना कळायला दोन दिवस लागणार असं काकूंना वाटलं, पण या वेळी त्यांना एका मिनिटात कळलं. "म्हणजे तुम्ही फॉर्मवर खोटं लिहिलंत?"

"हो."

"अकरा दिवस?"

"अकरा दिवस. जुने आर्टेमिया या जाळीतून बाहेर काढले आणि दुपारी ताजे घातले. पोटभर."

साहेबांनी जाळीखाली कागद सरकवला. "हे प्रमाणपत्र आता... यावर तारीखही पडलीय," ते कसंनुसं म्हणाले. त्यांना टाक्यांपेक्षा त्याची जास्त काळजी लागली असावी, कारण त्याचा फोटो त्यांनी वर पाठवला होता.

तक्तेवालेही तिथेच होते, ते खुर्चीतून उठले. त्यांनी जाळी उचलली, उजेडाकडे धरून बघितली आणि पहिल्यांदाच ओल्या फरशीवर न बिचकता चालत लॅबमध्ये गेले. लॅबवालीने त्यांना जुना आर्टेमिया आणि ताजा आर्टेमिया शेजारी-शेजारी ठेवून दाखवला. ते वीस मिनिटं मायक्रोस्कोपला डोळा लावून होते. बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोळ्याभोवती गोल वळ उठला होता.

"काकू, हे मला आधी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले.

काकूंना टेबलावरचा पेला आणि त्याखालचा कागद आठवला. पण त्या शनिवारी सकाळी त्यांचं पुरेसं खरं बोलून झालं होतं, म्हणून त्या जाळी धुवायला घेऊन गेल्या.

निकाल सोमवारी लागला. तक्त्याची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात आकाराचा रकाना होता, रोज दुपारी जुनं खाद्य मोठ्या छिद्रांच्या जाळीतून काढून टाकण्याची सूचना होती, ताजं खाद्य भरपूर द्यावं असं ठळक अक्षरांत होतं, आणि तळाशी तक्तेवाल्यांचं नाव आधीपेक्षा मोठ्या अक्षरांत होतं. काकूंचं नाव दुसऱ्या कागदावर होतं. खोट्या नोंदी केल्याबद्दल त्यांना खाद्यवाटपातून काढून टाक्यांच्या तळसफाईला लावण्यात आलं होतं. कामावरून काढलं नाही, यात साहेबांना स्वतःचा फार मोठेपणा दिसत होता आणि तो इतरांनाही दिसावा म्हणून ते दिवसभर शेडमध्ये फिरत होते.

वाढायचं काम लॅबवालीकडे गेलं. पहिल्या दिवशी ती मग हातात घेऊन टाकीशी उभी राहिली, चोरून काकूंकडे बघत. काकू शेजारच्या टाकीत नळी सोडत होत्या.

"एका जागी ओतू नकोस," त्या मान वर न करता म्हणाल्या. "कडेकडेने फिरव. मधल्यांनाच मिळतं नाहीतर."

"आणि काकू, किती?"

"तक्ता बघ."

"काकू, असं काय करता?"

"बरं, दहातल्या आठांना रेघ दिसेपर्यंत. आणि तक्त्यात तेवढंच आलं असेल तर त्याचं नशीब."

आठही टाक्या चांगल्या चालल्या. आठही टाक्यांत पोटं भरलेली होती, आणि काकूंना ती बघण्याची परवानगी आता नव्हती, कारण पेला लॅबवालीकडे होता. काकूंकडे लांब नळी, तळाशी फिरवायचा दांडा आणि एक पांढरी बादली. रोज सकाळी टाकीच्या तळाची घाण ओढून बादलीत घ्यायची आणि फेकायची. अकरा वर्षं त्यांनी पाण्याचा वरचा भाग बघितला होता. तळ बघायचा त्यांना आता पहिल्यांदा योग येत होता. वाढपी माणसाला ताटात काय टाकलं जातंय ते दिसत नाही. ते भांडी घासणाऱ्याला दिसतं.

सतराव्या आणि अठराव्या दिवशी, कात टाकायच्या वेळी, वर चिमटेवाली पिल्लं दिसायला लागली. शेडमध्ये आनंदीआनंद. साहेबांनी फोन हातात घेतला. आणि काकूंच्या बादलीत मेलेल्यांचा जाड थर आला. थर येणार हे त्यांना माहीत होतं, सगळी कधीच जगत नाहीत. पण त्यांनी बादली फेकण्याआधी वाकून बघितलं, आणि वाकलेल्याच राहिल्या.

बादलीतली बरीच पिल्लं अर्धी होती. कात पाठीवर नीट फाटली होती, डोकं बाहेर आलं होतं, एक नवा चिमटाही बाहेर आला होता. शेपटीकडचं अंग मात्र जुन्या कातीतच अडकलेलं. स्वेटर डोक्यातून काढताना कोपरात अडकावा आणि माणूस तसाच मरावा, तशी. आणि त्या अर्ध्या अंगांमधून डोक्यापासून शेपटीपर्यंत ठसठशीत नारिंगी रेघ दिसत होती. सगळी जेवलेली. पोटभर जेवलेली.

काकूंनी लॅबवालीला बोलावलं. तिने दोन-तीन मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि पुटपुटली नाही.

"उपाशी नाहीत," ती म्हणाली.

"ते मलाही दिसलं. किती असतील अशी?"

"एका बादलीत पाच-सहा हजार. आठ टाक्या." तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिलं.

तक्तेवाले तिथेच होते. ते आता फरशीवर सराईतासारखे चालत. त्यांनी मायक्रोस्कोपमधून बघितलं, खरंच बघितलं, आणि मग तक्त्याकडे गेले. "ही अपेक्षित मरतूक," ते म्हणाले. "रकाना आहे त्याला. बघा, हिरव्यातच येते."

"अपेक्षित म्हणजे का होते ते माहीत आहे?" काकूंनी विचारलं.

तक्तेवाल्यांनी रकान्यावरचं बोट काढलं. "होते हे माहीत आहे," ते म्हणाले, आणि हे सांगताना ते इतके प्रामाणिक वाटले की काकूंना त्यांच्यावर रागावता आलं नाही.

साहेबांनी दारातून विचारलं, "काही अडचण?"

"नाही साहेब, हिरवं आहे," लॅबवाली सवयीने म्हणाली, आणि मग लाजून काकूंकडे बघितलं.

काकू मायक्रोस्कोपच्या स्टुलावर बसल्या. आजवर त्या त्यावर कधी बसल्या नव्हत्या, बूट ओले म्हणून. त्यांनी डोळा लावला. खाली ते एक पिल्लू होतं, अर्धं जुन्या अंगात, अर्धं नव्या. पोटात काकूंनी नाही, तर लॅबवालीने वाढलेलं, पण काकूंच्याच पद्धतीने वाढलेलं सकाळचं जेवण अजून तसंच ताजं दिसत होतं.

"सांग ना बाई, तू शिकलेली आहेस," काकू डोळा न काढता म्हणाल्या. "पोट भरलेलं, कात फाटलेली, डोकं बाहेर आलेलं. मग उरलेलं अंग बाहेर ओढायला याला नेमकं काय कमी पडलं?"